नाना, तुमचं घर अक्कांना सोपवलं

प्रिय नाना,

'प्रिय' वाचून भुवया उंचावू नका. तुम्ही होतात तोवर तुम्हाला असं म्हणायची माझी छाती नव्हती. आता कोण अडवणार? मी भटू लिहितोय. तुमच्या हाताखाली बंबावर चढायला शिकलेला, धुळ्याचा भटू.

लिहायचं कारण जुनंच आहे. कुठलीही आग विझवून स्टेशनला परतलो की तुम्हाला सांगायचं, ही सवय. तुम्ही रिटायर झालात तरी तुमचा फोन यायचाच. आग केवढी होती, किती गाड्या लागल्या, असलं काही तुम्ही कधी विचारलं नाहीत. "घर नीट सोपवलं का रे?" एवढंच विचारायचात. परवा एक घर सोपवलं आणि संध्याकाळभर फोनकडे बघत बसलो. वाजतोय कसला? म्हणून हे पत्र.

ते घर तुमचं होतं, नाना.

घाबरू नका. तुमची मंडळी, आमच्या अक्का, बऱ्या आहेत. पुढची खोली गेली, बाकी घर वाचलं. सगळं सांगतो, पण क्रमानं. मधेच बोललेलं तुम्हाला चालायचं नाही, हे अजून लक्षात आहे.

तुमच्या असोद्याची ती माझी पहिली आग आठवते? खोलीत भरलेला कापूस पेटला होता. आम्ही पाइप गुंडाळायला लागलो, तर तुम्ही ओरडलात, "पळता कुठं? अजून घर सोपवायचंय." मालक लिंबाखाली डोकं धरून बसला होता. तुम्ही त्याच्यासमोर हेल्मेट काढलंत आणि म्हणालात, "भाऊ, आम्ही न विचारता तुमच्या घरात शिरलो. दार तोडलं. आता तुम्ही पुढं व्हा, आम्ही मागून येतो."

मग तुम्ही त्याला खोली खोली दाखवलीत. ह्या भिंतीला टेकू नका, त्या पत्र्याखाली उभे राहू नका, आग इथून लागली, अशी वर गेली. आणि शेवटी दारात थांबून विचारलंत, "भाऊ, पाणी मिळेल का?" मला हसू येत होतं. अख्खा बंब ओतून रिकामा केलेला माणूस त्याच घरात पाणी मागतोय! पण तो मालक उठला. काजळी लागलेला तांब्या शोधला, शर्टाच्या टोकाने पुसला, भरून आणला. तेव्हा पहिल्यांदा तो ताठ उभा राहिलेला मी पाहिला.

परतताना मी विचारलं, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "पाणी द्यायला माणूस घरचा लागतो." तेव्हापासून मी पाणी मागितल्याशिवाय कुठलंही घर सोडलेलं नाही.

तर परवा भर दुपारी कॉल आला. मेहरूण तलावाच्या बाजूला घराला आग. तुमच्या गल्लीचं नाव ऐकलं आणि ड्रायव्हरनं न सांगताच वेग वाढवला. तुमच्या दाराला कुलूप होतं आणि खिडकीतून धूर येत होता. आधी मनात काय आलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून अक्का ओरडल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, सांजोऱ्या करायला त्या समोरच्या मास्तरांकडे गेल्या होत्या. तुमचा अनिल आणि सूनबाई पुण्याहून तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीसाठी आलेले, ते बाजारात.

किल्ली अनिलच्या खिशात, म्हणून दार मी तोडलं, नाना. तुमच्या हौसेचं सागवानी दार. काय शिव्या घालायच्या त्या घाला.

आग विझायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो लोकांच्या तोंडाला. कोणीतरी म्हणालं, "अक्कांनी दिवा लावला असेल," आणि मग सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. तुम्ही गेल्यापासून अक्का तुमच्या फोटोसमोर दोन्ही वेळा दिवा लावतात, हे सगळ्यांना माहीत. अनिल धावत आला, काळी झालेली भिंत पाहिली आणि सगळ्यांसमोर बोलून गेला, "आई, दिवा लावून बाहेर जात जाऊ नको म्हणून किती सांगितलं तुला? आता पुरे. आखाजी झाली की पुण्याला चल. हे घर बंद."

पोरगा घाबरला होता, म्हणून बोलला. मला कळत होतं. पण अक्का? पिठाचे हात मांडीवर ठेवून त्या ओट्यावर बसल्या होत्या. असोद्याच्या बोलीत बोलणाऱ्या तुम्हाला अहिराणीत आडवं घेणारी बाई ती. तिचं गप्प बसणं मला बघवेना.

मीटरचा कटआउट काढून वीज तोडलेली होतीच. मी एकटाच आत गेलो. तुमच्या शिकवणीप्रमाणे आधी खाली पाहिलं. देवघराचा वरचा भाग काळा झाला होता, पण खालची फळी चांगली होती. दिव्यात तेल तसंच होतं, वातसुद्धा होती. तुमच्या फोटोची काच तडकली होती, पण आत तुम्ही नेहमीसारखे रागावलेलेच. आग तिथं सगळ्यात शेवटी आणि वरून पोचली होती.

मग कूलरच्या मागे गेलो. त्याचं बटण चालूच राहिलं होतं. तिथं भिंतीचं प्लास्टर उडालं होतं आणि जळाल्याची खूण जमिनीपासून वर पसरत गेली होती. वाकून वायर उचलली. मधोमध जोड. जोडावर बारीक बाइंडिंगची तार, वेटोळ्याला वेटोळं लागलेलं, शेवटचं टोक आत दडवलेलं. बंबाच्या होजपाइपच्या तोंडाला बांधतात तशी.

ती तार तुमच्याशिवाय जिल्ह्यात दुसरं कोणी तशी बांधत नाही.

काय हो नाना, हे काय केलंत? लग्नाला गेलात तरी आधी मांडववाल्याची वायर तपासणारे आणि मग अक्षता टाकणारे तुम्ही! लोकांच्या घरी चहाला बसायचात आणि उठताना त्यांचं बटण उघडून बघायचात. आणि स्वतःच्या घरी हे? पाण्याच्या जोडाला आवळाल तेवढं चांगलं, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. विजेचा जोड तसा आवळायचा नसतो, तार टेपमधून आत रुतते आणि शॉर्ट सर्किट होतं, एवढं तुमच्या लक्षात आलं नाही? रागच आला मला. आणि त्याच वेळी तुमची इतकी आठवण आली, की ते वेटोळं हातात धरून मी तिथेच रडलो.

मग बाहेर आलो. अनिल पुढे झाला. मी म्हटलं, "थांब भाऊ. घर आईंचं आहे. आधी त्या." हेल्मेट काढलं. "अक्का, न विचारता आत शिरलो, दार तोडलं. आता तुम्ही पुढं व्हा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तुम्हीच बोलला होतात.

आत आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मन्हाच दिवानी लागनी ना रे, भटू?"

मी दिवा दाखवला, तेल दाखवलं, खालची फळी दाखवली. मग कूलरमागे नेलं. वाकून त्यांनी जोडावरून बोट फिरवलं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. मोडलेली काडी तशाच तारेनं बांधलेली. तीच वेटोळी, तसंच दडवलेलं टोक.

"हाई त्यासनंच काम शे," त्या म्हणाल्या. आणि लगेच, आवाज खाली आणून, "बाहेर दिवाच सांग."

मी म्हटलं, अक्का, असं कसं? मग तुम्हाला पुण्याला जावं लागेल.

"जासू. पन त्यासनं हासू व्हवाले नको."

आता सांगा, काय करायचं मी? चाळीतून ह्या घरात आल्यापासून ज्या बाईनं ते सोडून कुठे मुक्काम केला नाही, ती तुमच्या नावासाठी ते सोडायला निघाली होती. तुमच्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर घेऊन. मी म्हणालो, कागदावर खोटं लिहायचं नाही, हे नानांनीच शिकवलंय. तर म्हणतात, "कागद कोन वाचस?"

तेवढ्यात मला दुसरंच आठवलं. मी विचारलं, "अक्का, नानांनी गल्लीत अजून कोणाकोणाला असे जोड बांधून दिलेत?"

त्या बोटं मोजायला लागल्या. "मास्तरले," म्हणाल्या. मग थांबून, "कोपराना दुकानवालाले. ती नवी बाईले बी." बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. उन्हाळा आहे, नाना. सगळ्यांचे कूलर चालू होते.

पुढचं मी काही केलं नाही. अक्कांनी केलं. पदर खोचून त्या तुटलेल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ऐका रे बठ्ठा! आग दिवानी नही लागनी. तुमना नानानी बांधेल जोडनी लागनी. ज्यासना घरमा त्यासनी तार बांधेल शे, त्यासनी आते जाईसन कूलर बंद करा!"

कोणी हसलं नाही, नाना. खरंच, एक माणूस हसला नाही. आधी मास्तर पळाले, मग बाकीचे. थोड्या वेळानं मास्तर एक वायर हातात घेऊन परत आले. तोच जोड. वरची टेप वितळून काळी पडलेली. त्यांनी ती अनिलच्या हातात दिली. अनिल ती उलटीसुलटी करून बघत राहिला. मग आईजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "चुकलं माझं."

"मी आठेच ऱ्हासू," अक्का म्हणाल्या.

"राहा. पण वायरिंग सगळं नवीन करू," तो म्हणाला. त्या हो म्हणाल्या. पुण्याचा विषय तिथेच संपला.

माणसं पाइप आवरून गाडीत चढली. मी दारात थांबलो. पाणी मागायचं राहिलं होतं. ज्या घरात कधी मागावं लागलं नाही, त्या घरात कसं मागू? शेवटी म्हटलं, "अक्का, पाणी मिळेल का?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या. माठात काजळी पडलेली. कोपऱ्यात नवी कोरी घागर झाकून ठेवली होती, पाणी भरून मुरायला ठेवलेली. तुमच्या नावानं पूजायला आणलेली, आखाजीची. त्यांनी तिच्यातूनच पेला भरला. मी मागे सरलो. "अक्का, ही नानांची."

"पी. ते काय बोलनार शेत?"

प्यालो. कोऱ्या मातीचा वास होता आणि थोडा धुराचा. अक्का माझ्यासमोर ताठ उभ्या होत्या, रिकामा पेला परत घ्यायला हात पुढे करून.

आज आखाजी. सकाळी जाऊन आलो. घागर पुन्हा भरून मांडली होती, वर पुणेकर खरबूज म्हणतात ते डांगर ठेवलं होतं. सांजोऱ्या मास्तरांकडे होत्या म्हणून वाचल्या. तडकलेल्या काचेतून तुम्ही बघत होतात. अक्कांनी दिवा लावला आणि कोणी काही बोललं नाही. तुमच्या नावानं काढलेल्या घासातली एक सांजोरी मला मिळाली. साखर कमी होती. हे तुम्हीच अक्कांना सांगायचात, मी नाही सांगितलं.

आता वचन देतो, ते ऐका. तुम्ही कोणाकोणाला तार बांधून दिलीत, ते मी शोधणार आहे. मेहरूणमध्ये, असोद्याला, अक्कांच्या माहेरी अमळनेरला. घरोघरी जाऊन प्रत्येक जोड कापीन. सुरुवात माझ्याच घरापासून केली. माझ्या लग्नानंतर कूलर तुम्हीच बसवून दिला होता, विसरलात? आणि नवी पोरं कामावर आली की ही गोष्ट त्यांना तुमचं नाव घेऊन सांगीन. रागावू नका. तुम्ही असतात तर स्वतःच सांगितली असती, आणि वर आम्हालाच दम दिला असता.

फोन आला असता तर तुम्ही एकच विचारलं असतं. त्याचं उत्तर देऊन थांबतो.

हो नाना, घर नीट सोपवलं. पाणी पिऊनच निघालो.

तुमच्या मागून आत शिरणारा,
भटू