लामे म्हणजे सोड नव्हे

मी, धक्क्यावरच्या हमालांच्या मुकादमाचा धाकटा मुलगा, कॉलेज अर्धवट सोडलेला, डोकं गरम पण ठिकाणावर असताना, कुणाच्या दडपणाखाली नाही आणि चहाशिवाय कशाच्या अमलाखाली नाही, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आई, घाबरू नकोस. मी मरायला निघालेलो नाही. उद्या मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढतोय, आणि समुद्र काही कुणाचा मामा नाही.

एक. माझी सायकल आईला. तू चालवणार नाहीस, ठाऊक आहे. विकू मात्र नकोस. मागच्या कॅरिअरवर ती बसायची. ती म्हणजे आपल्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या शिंपीण मावशींची भाची. दोघी समुद्रापलीकडून आलेल्या.

दोन. कॉलेजची पुस्तकं रद्दीत. वर्गातल्या एकाने तिला 'बोटीतून सांडलेली' म्हटलं. त्याचा दात पडला, माझं कॉलेज सुटलं. त्या दाताची माफी मी मेल्यावरही मागणार नाही.

तीन. गोणी उचलायचा हूक बाबांना परत. बाबा, हूक देताना तुम्ही धक्क्यावरचा पहिला शब्दही दिलात. खालचा 'लामे!' ओरडला की वरच्याने दोर सोडायचा. आपल्या अख्ख्या शहरात लामे म्हणजे सोड. कंडक्टर बस सोडतो, "लामे!" भांडण मिटवायचं, "लामे रे, जाऊ दे." तुम्ही म्हणायचात, "हा शब्द ज्याच्या तोंडी, तोच इथला." आणि मी लग्नाचं काढलं तेव्हा म्हणालात, "उपऱ्यांची पोर माझ्या घरात नको. लामे!" खोली रिकामी करायला लावलीत. मावशी बाजारामागे गेल्या. ती पोटासाठी दुसऱ्या बंदराकडे निघाली.

चार. तिच्यावरचा माझा राग मी कुणालाही देत नाही, इथेच रद्द करतो.

कारण असं. बोट सुटताना कठड्यावरून वाकून तिने माझा हात धरला होता. मी विचारलं, "वाट बघशील माझी?" ती ओरडली, "लामे! लामे!" मी हात सोडला. वाटलं, हाकललं मला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परवा खलाशाची पँट आखूड करायला मावशींकडे गेलो. कापडाचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. त्या म्हणाल्या, "लामे." मी सोडलं. कापड जमिनीवर.

"मेल्या, सोडलंस कशाला? लामे म्हणाले ना!"

"म्हणून तर सोडलं."

"आमच्यात लामे म्हणजे धरलंय! आमचेच पणजे इथे हमाली करायला आले. खालचा म्हणायचा धरलंय, मग वरचा सोडायचा. तुम्ही शब्द घेतलात अन् नुसतं सोडणं शिकलात."

आता ती कुठे आहे, मावशींनाही ठाऊक नाही. "त्यानेच सोडलं," एवढंच त्यांना कळवून ती त्या बंदरातून पुढे गेली. मी तिला बंदरोबंदरी शोधत जाईन.

पाच. मी परतलो नाही, तर हा शब्द खऱ्या अर्थासकट बाबांना. ती कधी आपल्या धक्क्यावर उतरली, तर बाबा, तुम्हीच हात पुढे करा. ती म्हणेल, "लामे." तेव्हा सोडू नका.

सही: मुकादमाचा धाकटा
साक्षीदार: शिंपीण मावशी (सही त्यांच्या लिपीत, मला वाचता येते, तिनेच शिकवली)
साक्षीदार: नाक्यावरचा न्हावी ऊर्फ रेडिओ (आईच्या आधी कुणाला न सांगण्याच्या शपथेवर)
ठिकाण: वरची रिकामी खोली
तारीख: जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी