घोंगडीवरचा मोबाईल

गुरुवार, ११ एप्रिल
मोबाईलसाठी घोंगडी अंथरली आमच्या घरात! शहरातल्या संस्थेच्या मोनिका मॅडम दर गुरुवारी चारला व्हिडिओ कॉल करणार — लढाईत माणूस गेलेल्या घरच्यांना धीर द्यायला. बोलायचं होतं माझ्याशी. पण सासूबाईंनी एवढंच ऐकलं, बाई भेटायला येणार. मग काय, मयताच्या घरी येतात तसंच सगळं! चुलत सासू सरूबाई, दोन्ही जावा, डोक्यावर पदर घेऊन ओळीनं बसल्या. घोंगडीवर मोबाईल, पुढं पाण्याचा तांब्या. टँकर पाच दिवसांनी येतो आणि मोबाईलला पाणी!

मॅडमनी विचारलं, सत्यशीला, झोप लागते का? सासूबाईच बोलल्या, "लागती. आम्ही बरं हाव."

१८ एप्रिल
तेच. मॅडम म्हणाल्या, तिला एकटीला बोलू द्या. सरूबाई म्हणे, भेटायला आलेल्या माणसापुढं सुनेला एकटं टाकून उठायचं? लोक काय म्हणतील. कोण लोक? मोबाईलात एकच बाई होती.

मला फक्त एवढंच सांगायचंय. शेवटच्या फोनवर हे म्हणाले, थोडं बोल ना. मी म्हटलं, टँकर आलाय, ठेवा. त्यांनी ठेवला. परत फोन आलाच नाही. चार महिने झाले, कुणाला सांगितलेलं नाही.

२४ एप्रिल
उद्या गच्चीवर जाऊन एकटीच बोलणार.

२५ एप्रिल
कशाची गच्ची! घरात मोबाईल एकच, ह्यांनी जाताना ठेवलेला, म्हणून सासूबाई कमरेच्या पिशवीतून काढत नाहीत. कॉल पुन्हा घोंगडीवरच.

लई राग येतो. मागं मोठ्या दुष्काळात मेंढरं विकली तेव्हा म्हातारी धाय मोकलून रडली होती म्हणे. लेकासाठी डोळ्याला टिपूस नाही! ती मेंढरं चरायची त्या माळावर आता कंपन्या आहेत. त्यातल्याच एकीच्या कँटीनात मी पोळ्या लाटते.

९ मे
संस्थेचा मेसेज. 'कुटुंब सावरले आहे. सत्रे पूर्ण.' सावरले! मॅडमनीही म्हातारीचंच ऐकलं.

१६ मे
कँटीनातून लवकर सुटले. चार वाजले होते. घरात सासूबाई एकट्याच. घोंगडी अंथरलेली, तांब्या भरलेला, डोक्यावर पदर. मोबाईल बंद. त्या त्यालाच सांगत होत्या, "बाई, माझ्या बिभीषणला जायचं नव्हतं. मेंढरं गेली, मीच म्हणलं, भरती हो."

मी दारातच थांबले. मग पदर घेतला. म्हटलं, मला पण सांगायचंय.

त्या घोंगडीवर थोड्या सरकल्या. "बस. बाई ऐकती."