एकेचाळीस पानांचं शुद्धिपत्र

भरे, ता. मुळशी
रविवार, ८ जून २०२५

प्रिय रुपाली,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. आबांचा गुडघा मधूनमधून कुरकुरतो. आजी रोज एकदा विचारते, "रुपीला फोन केलास का?" आणि मी रोज एकदा "करतो" म्हणतो. बारावी चांगल्या मार्कांनी पास झालीस त्याबद्दल अभिनंदन करायचं राहिलं होतं, ते आता करतो. ताईने पाठवलेल्या पेढ्यांतले पहिले दोन मीच खाल्ले.

मामाने हाताने पत्र लिहिलेलं बघून तुला हसू आलं असेल. अक्षर बघून तर नक्कीच. पण पडद्यावर लिहायला बसलो की मी अवघड वाक्य पुसतो आणि त्या जागी सोपं घालतो. तीन वर्षांत तुला असे सहा-सात मजकूर लिहिले आणि सगळे पुसले. कागदावर खोडलं तरी खालचं दिसत राहतं, म्हणून हा कागद.

माझं तेच चाललंय. दिवसा घोटावड्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं, संध्याकाळी लोकांचे आजारी कॉम्प्युटर उघडून बसायचं. सध्या गर्दी आहे, कारण ऑक्टोबरात विंडोज दहाचा आधार संपणार. चांगली चालती मशिनं घेऊन लोक येतात आणि विचारतात, "हे आता भंगारात का?" मला संताप येतो. पंखा फिरतोय, डिस्क शाबूत आहे, मालकाचं काम भागतंय, आणि कुठेतरी दूर बसून कोणीतरी ठरवणार की हे म्हातारं झालं. मी त्यांना विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स घालून देतो. पण आता आधी विचारतो. काय काय करता यावर, कुठली फाइल कुठे ठेवता, उघडून दाखवा, असं सगळं. तासभर नुसतं विचारण्यात जातो. गिऱ्हाईक कंटाळतं. ही सवय मला उशिरा लागली.

ब्राउझरबद्दलचं माझं भाषण तुला पाठ असेल. तरी एकदा ऐक. नावं दहा, पण आत बहुतेकांचं इंजिन एकच. दहा हॉटेलं आणि मागे स्वयंपाकघर एक, असा प्रकार. म्हणून मी हट्टाने फायरफॉक्स वापरतो. कारखान्यातला सौरभ म्हणतो, "दादा, काय फरक पडतो?" त्याच्या क्रोममध्ये सत्तर टॅब उघडे असतात आणि त्यातला एकही त्याला सापडत नाही. मी त्याला म्हटलं, उद्या त्या एकाच स्वयंपाकघराने मीठ जास्त घातलं तर जेवायला कुठे जाशील? तो म्हणाला, कँटीनला. त्याच्यापुढे मी हात टेकले.

आणि बटणं. बटण बटणासारखं दिसावं, एवढीच माझी मागणी आहे. आता सगळं सपाट झालंय. कुठे दाबायचं, कुठे नुसतं वाचायचं, कळत नाही. बाजूची सरकपट्टी, म्हणजे स्क्रोलबार, इतकी बारीक केलीय की आबांना ती आहे हेच माहीत नसतं. खाली आणखी मजकूर आहे, हे न कळल्यामुळे अर्धवट फॉर्म भरून घरी गेलेली माणसं मी पाहिलीत.

या विषयावरचं सगळ्यात शहाणं वाक्य मी कुठल्या तज्ज्ञाकडून नाही, तुझ्याकडून ऐकलंय. तू बारा वर्षांची होतीस. आबांच्या मशिनसमोर बसून म्हणालीस, "मामा, हे हो आणि नाही दोन्ही सारखंच दिसतंय. मग आबा घाबरणार नाहीत तर काय?" नंतर तू आजीच्या... नाही, ताईच्या नेलपॉलिशने कंट्रोल आणि एस या दोन कळांवर लाल ठिपके दिलेस आणि आबांना सांगितलंस, लिहून झालं की दोन्ही ठिपके एकदम दाबायचे, म्हणजे लिहिलेलं जपलं जातं. पिरंगुटच्या प्रेसमध्ये तीस वर्षं लग्नपत्रिका जुळवलेला माणूस, आधी शिशाच्या खिळ्यांनी आणि मग कॉम्प्युटरवर, तो तुझं निमूट ऐकत होता. ठिपके अजून आहेत. एसवरचा थोडा झिजलाय.

तेव्हा मी तुला माझं आवडतं तत्त्व शिकवलं होतं. वापरणारा चुकत नाही. चूक दिसली तर आधी बनवणाऱ्याकडे बघायचं. तू ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंस.

गेल्या महिन्याच्या शेवटी ताईचा फोन आला होता. म्हणाली, रुपाली प्रवेशाच्या अर्जात कॉम्प्युटरच्या रकान्यावर खूण करायला तयार नाही. घरातला लॅपटॉप अडला तर उघडतही नाही, वडिलांची वाट बघत बसते. विचारलं तर म्हणते, माझ्या हाताने बिघडतं. ताई हसत सांगत होती. मी मात्र ताट बाजूला सारलं.

तेव्हा आता मूळ गोष्टीवर येतो. तुला ती माहीत आहे, पण तुला सांगितली गेली ती खरी नव्हती. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

आबांनी निवृत्त झाल्यावर प्रेसचं जुनं मशिन घरी आणलं आणि त्यावर ते एक काम करत बसले. पत्रिका जुळवताना त्यांना एक गोष्ट कायम टोचायची. लोकांच्या पत्रिकेत पाच-पाच पिढ्यांची नावं, मामेकुळं, चुलते, किताब. आपल्या वस्तीतल्या पत्रिकेत आजोबाच्या वरचं नाव सांगायला कोणी नसायचं. म्हणून ते घरोघर जाऊन विचारायला लागले. कोण कुठून आलं, कुणाच्या रानात राबलं, घरातलं पहिलं शाळेत कोण गेलं. घरटी एक पान. एकेचाळीस पानं झाली. २०२२च्या बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहारासमोर ती वाचून दाखवायची, असं ठरलं होतं.

त्याआधी आठवडाभर आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला होते. तू सुट्टीला इथेच होतीस. मी ठरवलं, आबा नवा डोळा घेऊन घरी येतील तेव्हा त्यांना मशिनही नवं दिसलं पाहिजे. जुनं विंडोज काढायचं, लिनक्स घालायचं. काय ठेवायचं ते बघायला मी आधी पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने मशिन चालू केलं आणि आबांच्या तीन फायली उघडल्या. तिन्हीत वेडीवाकडी परदेशी अक्षरं. मी म्हटलं, फायली सडल्यात, व्हायरस खाऊन गेला. तू त्याच सकाळी तुझा पेन ड्राइव्ह मशिनला लावला होतास. मी सगळी डिस्क पुसली. पुसण्याआधी मशिनने मला विचारलं होतं, नक्की का? मी हो दाबलं. असल्या चौकटींवर मी लोकांना अर्धा तास व्याख्यान देतो.

पौर्णिमेच्या दुपारी आबा छपाईला बसले तेव्हा काहीच नव्हतं. संध्याकाळी सगळी वस्ती जमलेली. वस्तीतले म्हातारे कुशाबा पुढच्या सतरंजीवर, स्वच्छ फेटा बांधून. कुणीतरी विचारलं, काय झालं? मी उठून म्हणालो, "पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला." एवढंच म्हणालो आणि तुझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, पण पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. मी डिस्क पुसली, हे तेव्हा बोललोच नाही. आबा तुला एक शब्द बोलले नाहीत, नुसते घरात निघून गेले, आणि तुला तेच जास्त लागलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तू ताईबरोबर घरी सूसला गेलीस. नांदे-चांद्यावरून स्कूटीवर अर्ध्या तासाचा रस्ता, पण तू परत आली नाहीस.

तुझा पेन ड्राइव्ह मी जप्त केला होता. आठवड्याने उघडून तपासला. व्हायरस एकही नव्हता. एक मोटारींचा खेळ आणि एक फाइल, नाव 'गोजरा'. ती उघडली तर तीच वेडीवाकडी अक्षरं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आबा प्रेसमधल्या जुन्या फॉन्टमध्ये लिहीत होते. तो फॉन्ट मशिनवर असेल तरच मराठी दिसतं, नसेल तर कचरा दिसतो. आबांच्या कपाटातली फॉन्टची सीडी आणली, घातली, आणि त्या कचऱ्याचं आपल्या वस्तीतल्या गोजराबाईचं पान झालं. तिच्या आईने वाहून आणलेल्या पाण्यावर पाटलाच्या घरची भिंत कशी बांधली गेली, तिथपासून सुरू होणारं. तू ते सूसला छापून घ्यायला उतरवलं असशील. तुला गोजराबाई आवडायची.

या जुन्या फॉन्टांना मी पंधरा वर्षं शिव्या घालतोय. टाकाऊ, निकामी, बंद करा एकदाचे. ती अक्षरं ओळखायला हवी होती ती मीच. पण ज्याचा राग येतो त्याच्या आत कोणी राहत असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. फायली सडल्या नव्हत्या. तुझ्या पेन ड्राइव्हने काही केलं नव्हतं. ती एकेचाळीस पानं मी पुसली.

हे मला २०२२च्या मे महिन्यातच कळलं होतं. आज २०२५ आहे. मधल्या काळाबद्दल माझ्याकडे कारण नाही. आधी वाटलं, आबांचा डोळा बरा होऊ दे. मग वाटलं, पोर विसरली असेल. मग लाज वाटायला लागली, आणि लाजेची सवय झाली. वापरणारा चुकत नाही असं शिकवणाऱ्याने पंधरा वर्षांच्या मुलीला चूक ठरवलं, आणि तिने ते खरं मानलं.

ताईचा फोन आला त्याच दिवशी आबांना सांगितलं. ते चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

"कवा कळलं तुला?"

"आठ दिवसांनी."

"म्हंजी तीन वरसं." चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आरं, मी त्या पोरीशी बोललो न्हाई. बोललो आसतो तर लागट बोललो आसतो म्हनून गप बसलो. तुज्यापायी."

मी मान खाली घातली. आबांनीच पुढे विचारलं,

"पत्रिकेत चूक ऱ्हायली तर आमी काय करायचो, ठाव हाय? शुद्धिपत्र छापायचो. जितक्या पत्रिका वाटल्या, तितकी शुद्धिपत्रं. चार कमी न्हाई. तू किती मान्सांसमूर बोलला व्हतास?"

"सगळ्यांसमोर."

"मंग जा."

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि जे तुला वर लिहिलं ते सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर कुशाबा म्हणाले, "आमाला सांगून काय करतूस? पोरीला कोन सांगनार?" म्हणून हे पत्र. ताईलाही फोन करून सगळं सांगितलं. तिने शिव्या दिल्या, त्या मी पूर्ण ऐकल्या.

पानं परत येणार नाहीत. आबा पुन्हा घरोघर जातायत, आठ झालीत, पण या तीन वर्षांत सांगणारी चार माणसं गेली. गोजराबाई त्यातलीच. तिचं जे काही उरलंय ते तू उतरवलेलं एक पान. तुझा पेन ड्राइव्ह पाकिटात घातलाय, खेळासकट. फॉन्टही त्यात टाकलाय.

अर्जात कुठे खूण करायची ते तुझं तू ठरव. तुला कॉम्प्युटर नको असेल तर नको, दुसरं हवं असेल तर ते घे, मी त्यात बोलणार नाही. फक्त माझ्या खोट्यामुळे एखादा रकाना सोडू नकोस. तुझ्या हाताने काही बिघडत नाही. तुझे दोन ठिपके आबा रोज दाबतात.

खालचा मजकूर आबांनी स्वतः जुळवलाय, जुन्या फॉन्टमध्ये, आणि विहाराच्या फलकावरही लावलाय. मी फक्त उतरवून घेतो.

शुद्धिपत्र
अशुद्ध: रुपालीच्या पेन ड्राइव्हमुळे पाने नष्ट झाली.
शुद्ध: पाने अतुल दामू याने पुसली.
अशुद्ध: आबा रुपालीवर रागावले होते.
शुद्ध: आबा चुकले.

यापुढची ओळ फलकावर नाही. ती मी आबांना सांगितलेली नाही, विहारातही नाही. मी डिस्क पुसायला बसलो तेव्हा तू दारात उभी होतीस. ही गोष्ट फक्त तुला आणि मला माहीत आहे. उद्या सकाळी आबांना सांगणार आहे, पण आधी तुझ्याजवळ, माझ्या हाताने:

अशुद्ध: कोणाला काही कल्पना नव्हती.
शुद्ध: रुपाली म्हणाली होती, "मामा, आधी आबांना विचार ना." मामा हसला.

तुझा अपराधी,
अतुलमामा