आत्यांना सांगून टाकलं

मंगळवार, दिवेलागण

आज मिरजेला जाऊन तांबी बसवून आले. कळ आली, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल हवंसं वाटलं की काढता येते. माझी नर्सिंगची दोन वर्षं राहिलीत. सुनीलला फौजेत फोन करून आधीच विचारलं होतं. त्याच्या आईला, आत्यांना, सांगायचं धाडस झालं नव्हतं.

घरी येऊन ओटीपोट धरून पडले, तर आत्या उशाशी बसल्या. चेहरा उजळलेला.

"दिवस गेल्यात का गं?"

काय बोलू? नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं का? ओटीपोटावरचा हात निघेना.

"न्हाई आत्या. तांबी बसवून आले. दोन वर्षं मूल नको."

"सुनीलला ठावं हाय?"

"व्हय."

त्या उठल्या. तेवढ्यात शिराळ्याहून नणंदेचा फोन आला. तिचा नेहमीचाच प्रश्न असणार, गोड बातमी कधी. आता सगळ्या भावकीत बोभाटा होणार, म्हणून मी कान देऊन ऐकत राहिले.

"इतक्यात न्हाई," आत्या म्हणाल्या. "शिकतीया ती."

फोन ठेवला. माझ्याकडे अजून बघितलेलं नाही.