शोकाचा तक्ता

याडी, माझे आई, काल नातीने विचारलं, "आजी, शाळेत मानसिक आरोग्याचा प्रकल्प आहे, कोणता विषय घेऊ?" तिच्याजवळ बाईंनी दिलेले विषय होते, परीक्षेचा ताण, राग, एकटेपणा, मोबाइलचं वेड, जवळच्या माणसाचं जाणं. शेवटच्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा सोपा आहे ना गं?" तिचं ऐकता ऐकता इकडे गॅसवरची भाजी करपली. जन्मभर मास्तरकी केलेली बाई मी, आणि पाचवीतल्या पोरीला म्हटलं काय, तर जा, आईला विचार. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात घोळतंय.

आमच्या शाळेतही असाच विषय निवडला होता. आपला धाकटा, माझा भाऊ, तापाने गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. आपल्या लमाण तांड्यातून नाला ओलांडून गावच्या शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच. गुरुजी अमरावतीहून नुकते बदलून आलेले, तरुण, पांढरंशुभ्र धोतर नेसणारे, आणि गाव सुधारायची भारी हौस. त्यांनी आरोग्य सप्ताह काढला. हिवताप, नारू, देवीची लस हे विषय पोरांनी हां हां म्हणता वाटून घेतले, कारण डास काढायला सोपा आणि नारू तर त्याहून सोपा. मग गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, मनाचे आरोग्य. त्याखाली भीती, राग, शोक. यातला एक निवडा म्हणाले. भीती म्हटल्यावर पोरं चिंचेवरच्या भुतावर घसरली. राग म्हटल्यावर एक जण उठून म्हणाला, "गुर्जी, माह्या बापालेच आनून उभं करू काय?" तेव्हा गुरुजींनाही हसू आवरलं नाही. शोकाला मात्र कोणी हात लावेना. मग मागून आवाज आला, "गुर्जी, लमानाच्या बाया पाहुना आला का गळ्यात पडून रडतेत, गानं म्हनल्यावानी. थेच घ्या नं!" वर्ग फिदीफिदी हसला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

गुरुजी हसले नाहीत, तेच वाईट झालं. हसले असते तर विषय तिथेच संपला असता. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "तुझी आई रडते का गं?" मी म्हटलं, हो. "रोज?" पाहुणा आला की. मी काय सांगणार होते? आपल्यात बाई बाईला भेटली की आधी गळ्यात पडून रडायचं, सुरात, आणि त्या रडण्यातच मधल्या काळात काय काय झालं ते सगळं सांगून घ्यायचं, मग डोळे पुसून चुलीवर चहा ठेवायचा, हे मला ठाऊक होतं. तू धाकट्याला रडायचीस ते मला पाठ होतं. तो शेळीच्या मागे कसा पळायचा, भाकरीचा पापुद्रा तेवढा कसा मागायचा, सगळं त्यात यायचं. रडून झालं की तू कामाला लागायचीस, कधी कधी हसायचीससुद्धा. पण हे सांगायला माझ्याजवळ शाळेची मराठी पुरेना. घरातली बोली वर्गात काढायची चोरी. मी खाली बघून उभी राहिले. गुरुजींना वाटलं, पोर घरच्या दुःखाने दबून गेली आहे, आणि त्यांचे डोळे भरून आले. फार चांगला माणूस होता तो, याडी. तोच तर घोळ आहे. वाईट असता तर आजवर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

तक्ता तयार झाला. चित्रकला बरी असलेल्या एका पोराने दोन बाया काढल्या, फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, आरसे, हातभर बांगड्या, एकमेकींच्या गळ्यात हात. खाली गुरुजींच्या सुंदर अक्षरात, "अति शोक करू नये. मन कामात गुंतवावे." प्रदर्शनाला तू आणि बापू, दोघं आलात. मी हातात छडी घेऊन त्याच तक्त्याशी उभी, कारण गुरुजींच्या मते तो माझाच विषय होता. बापू आनंदाने नुसता फुलला होता. आपली पोर सगळ्या गावासमोर बोलते आहे, एवढंच त्याला दिसत होतं. तू चित्राजवळ येतेस, फेटियावरच्या एका आरशाला बोट लावतेस, "ये कांयी छ?" हे काय आहे, असं विचारतेस. खाली लिहिलेलं तुला वाचता येत नाही, आणि वाचणारी तिथे मीच आहे. मी आपल्या बोलीत सांगितलं, लिहिलंय की फार रडू नये, आजार होतो. तू आरशावरचं बोट काढून घेतलंस. मग मला विचारलंस, "गुरुजीला गळ्यात पडून रडायला कोणी नाही का?" मला तेव्हा तो प्रश्न येडपट वाटला होता.

गुरुजींनी बापूलाही बाजूला घेऊन समजावलं. बापू हात जोडून म्हणाला, "तुमी सांगान तसं करू, गुर्जी." घरी येऊन त्याने तुला सांगितलं, आणि तू म्हणालीस, बरं. भांडली असतीस तर किती बरं झालं असतं! तुला वाटलं, शाळेची फी असते तशी हीसुद्धा काहीतरी शाळेची अट असेल, पोरीला शिकवायचं तर पाळायला हवी. त्या दिवसापासून तू रडली नाहीस. आधी सगळे खूश होते. गुरुजी मला विचारायचे, "आई बरी आहे ना?" मी म्हणायची, बरी आहे.

मग मावशी आली. तुझी सख्खी बहीण, थेट मुकुटबनकडून दोन मोटारी बदलून, नेरहून पायी. धाकटा गेल्यानंतर पहिल्यांदाच येत होती. तांड्याच्या तोंडाशीच तिने हात पसरले आणि सूर लावला. अंगणात येऊन ती तुझ्या गळ्यात पडली, आणि तू तशीच ताठ उभी. मी दारात आहे.  तू एकदा माझ्याकडे बघतेस, मावशीचे हात हळूच सोडवतेस आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणतेस. मावशीचा सूर मध्येच तुटला. शेजारच्या बाया बघतच राहिल्या. आपल्यात सख्ख्या बहिणीला कोरड्या डोळ्यांनी पाणी द्यायचं म्हणजे, तू माझी कोणी नाहीस, असं तोंडावर सांगायचं. मावशी ते पाणी प्यायली नाही. सकाळी उठून ती निघून गेली. बापू नाल्यापर्यंत तिच्या मागे गेला, शाळेचं, गुरुजींचं काहीबाही सांगत. ती मागे वळली नाही.

त्यानंतर तू गप्प झालीस. आता रडायची मोकळीक होती, बापूने स्वतः सांगितलं, बाया येऊन तुला धरून सूर लावत, पण तुला काही येईचना. भाकरी थापता थापता तुझा हात थांबायचा. मी हाक मारली की तू बघायचीस, पण खूप लांबून. कुठून तरी कळलं तसे गुरुजी तांड्यात आले. पांढरं धोतर सावरत आपल्या अंगणात मातीतच बसले. शाळेतली मराठी त्यांच्या तोंडून पार गेली होती. "मले वाटलं, माय, तुमचं भलं होईन. माह्यंच चुकलं. रडा तुमी. रडा, माय." तू पदर पुढे ओढून घेतलास आणि मला खुणावलंस, गुरुजींना चहा कर. रडा, रडा म्हणता म्हणता तेच रडायला लागले. बापू खांबाला टेकून उभा, मी चुलीशी, आणि कोणालाच काही करता येत नव्हतं. अजूनही मी तिथेच उभी आहे असं मला वाटतं.

तू गेलीस तेव्हा मी मॅट्रिकला होते. मावशी आली. तुझ्या अंगावर नाही, माझ्या गळ्यात पडली, आणि रडता रडता तुलाच विचारत राहिली, बहिणी, मला पाणी दिलंस, रडली का नाहीस? माझ्या हातून काय चुकलं? पुन्हा पुन्हा तेच. याडी, उत्तर मला ठाऊक होतं. पण ती रडण्यात विचारत होती, उत्तरही रडण्यातच द्यायला हवं होतं, तोच सूर धरून, तिच्या गळ्यात पडून. तेवढं मला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवणारी तू, आणि माझ्या शिकायच्या वयात तूच बंद झाली होतीस. नंतर साध्या बोलण्यात सांगून पाहिलं. तिने ऐकलं, मान हलवली, आणि तिला त्यातलं काहीही खरं वाटलं नाही. उत्तर न मिळताच तीही गेली.

नातीने शेवटी मोबाइलचा विषय घेतला. बरं झालं.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. दार लावून घेतलं आणि तुला रडून पाहिलं. पहिला शब्द आला, याडी, आणि पुढे सूरच लागेना. म्हणून हे लिहीत बसले. आता लिहून झाल्यावर बघते तर सगळं मराठीत आहे. तुझ्यापर्यंत पोचलं असतं तरी तू ते माझ्याच हातात दिलं असतंस, वाच म्हणून.