हळदीचा कागद

ता. २० नोव्हेंबर १९५६. मंगळवार, सकाळी.
आजपासून ही वही माझी. आमचे भाडेकरू उद्धवराव लग्नाला परभणीला गेले, महिन्याच्या रजेवर. ते औषधाच्या कारखान्यात, लॅबोरेटरीत असतात. त्यांचा काचेचा टँक ओसरीवर हाय, त्यातला मासा माझ्या हवाली. जात सिक्लिड. मुंबईहून आणलेला, मूळचा कुठल्या तरी लांबच्या नदीतला. खाणं चिमूटभर, पण पाण्याचे नखरे लई. आंबट झालं तरी मरणार, चुनकट झालं तरी मरणार. लिटमसच्या पट्ट्या देऊन गेलेत. निळी तांबडी झाली तर पाणी आंबट, तांबडी निळी झाली तर चुनकट. रोज बघायचं आन् लिहायचं. मावशी, जमेल ना, असं चारदा विचारलं. मी चौथी पास हाय म्हणलं, तुमी नवरीकडं बघा.
रंग: जशाचे तसे. हे तर सोपं काम हाय.

ता. २१. दुपारी.
मासा माझ्याकडं बघतो. चुलीकडं गेले की त्या बाजूला येतो, जात्याकडं गेले की ह्या बाजूला. कपाळावर टेंगूळ हाय. उद्धवराव म्हणत व्हते, नर मोठा झाला की येतं. आमच्या ह्यांनाही बरोब्बर तिथंच व्हतं, मोटेचं चाक लागलेलं.
रंग: ठीक.

ता. २२. सकाळी.
कुणी वाचणार न्हाई म्हणून लिहिते. हे गेले त्या जागी शालनबाईनं पीठ पसरून वर टोपलं पालथं घातलं व्हतं. शालनबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ, शेजारच्याच खणात ऱ्हाती. कुठल्या जन्माला गेले त्याचं पाऊल पिठात उमटतं. सकाळी टोपलं उचललं तर आडवी रेघ, टोकाला दोन फाटे. सगळे म्हणले पाखराचं पाऊल. मी तवाच म्हणले व्हते, शेपटी हाय.
आता वरीस झालं. आले की न्हाई?
नाव पण लिहून टाकते, काय व्हतंय. तात्याबा. तात्याबा. तात्याबा. तीस वर्सांत एकदा तोंडातून काढलं न्हाई, उखाण्यातलं सोडून.

ता. २५. रविवार.
पट्ट्या संपल्या. कामातच संपल्या. नदीवर धुणं धुताना बायांना दाखवत व्हते, खोटं बोलणारीच्या जिभेला लावली की तांबडी व्हती. गवराबाई लिंबाचं लोणचं खाऊन आली व्हती. बिचारी रडायलाच लागली. दहा पट्ट्या तिच्यावरच गेल्या.
काळजी न्हाई. हळदीला चुना लागला की लाल होती, कुंकू तसंच करतात, ते मला कारखान्यानं शिकवायला नको. हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळत घातले. लॅबोरेटरी आता घरचीच.
हळद: पिवळी.

ता. २६. सकाळी.
खरी गोष्ट लिहायचीच तर हीपण. दहाव्याला पवनेकाठी कावळा शिवला न्हाई. ऊन डोक्यावर आलं. कोंडाजी भावजी, म्हणजे शालनबाईचे मालक, हात जोडून पिंडाला एकेक कबूल करत व्हते. बैल इकणार न्हाई, वैनीला अंतर देणार न्हाई. कावळा बाभळीवर बसून चोच घासत व्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.
ह्यांचं मन कशात व्हतं ते मला ठावं व्हतं. त्या दिवशी सकाळी तंबाखू मागितली. चंची माझ्याच पदराखाली. चेष्टा करायची खोड. म्हणलं, उठून बसा, मग देते. दुपारी गेले.
चार माणसांत कशी बोलू?
आज चंची काढली. तंबाखू चोळली, नखभर चुना लावला आन् टँकात बोट बुडवलं. लगेच आले. चाटून गेले.
ही पाण्याची गोष्ट न्हाई, आमची हाय. म्हणून रंगाच्या हिशोबात धरायची न्हाई.

ता. २८. सकाळी.
हळद: लाल.
मी पाण्यात काही घातलं न्हाई. पाणी पवनेचंच, मीच आणलेलं. मग चुना आला कुठनं?
चिंचेचं पाणी वाटीभर ओतलं. पिवळी झाली. मी हाय म्हणून ह्यांचं चाललंय.
सांजेला ह्यांची तंबाखू दिली.

ता. २९. सकाळी.
पुन्हा लाल. रोज एक वाटी चिंच ठरवली.
शालनबाईकडं चुना मागितला. ती म्हणली, आक्का, तुमी तर पान खात न्हाई. म्हणलं, घराला लावते. नखभर चुन्यानं कुठलं घर रंगवणार, असं तिच्या तोंडावर दिसत व्हतं.

ता. १ डिसेंबर. दुपारी.
लाल. कोण तरी येऊन घालतंय. टँकाभोवती चुलीतली राख पसरली आन् शेतावर गेले. परत येऊन बघितलं तर राखेत पावलं. डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं. माझं वाकडं हाय तसंच.
अंगावर काटा आला. हे माझ्याच पावलांनी घरात फिरतात.
मी मधी एकदा ह्यांना तंबाखू द्यायला आले व्हते तेवढंच. ते धरायचं न्हाई ठरलंय.

ता. ३. सकाळी.
आज कळलं. हळद लाल म्हणजे कुंकूच की. माझं पुसलं ते परत देतायत. वरीसभर कुणी मला हळद लावली न्हाई, बोलावलं न्हाई, आन् घरात बसून रोज सकाळी कागदभर कुंकू. मी येडी, चिंच ओतून पुसत व्हते. चिंच बंद.
तंबाखू दोनदा करायची. सकाळची पण मागायचे.

ता. ४. दुपारी.
शालनबाई ताक द्यायला आली. माझ्या कपाळाकडं बघत ऱ्हायली. कागद हातात व्हता, त्याच हातानं घाम पुसला असेल. तिनं आपल्या पदरानं पुसलं. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणली, "आक्का, माझ्याम्होरं लावा. भाईर लावू नका."
मी म्हणलं, घाम. ती म्हणली, व्हय.
चांगली हाय. उगीच आजवर तिला घुबड म्हणत आले.

ता. ६. सकाळी.
लाल, लई लाल. हे वरच येऊन ऱ्हातात. तोंड उघडतात, मिटतात. बोलायचं हाय काही तरी. डोळ्यांवर साय आली. मोतीबिंदू असेल, वय झालं. अंगाचं बुळबुळीत सुटतंय. पहिल्यापासून आंघोळीचा कंटाळा.
कान काचेला लावला. काही न्हाई.

ता. ७. दुपारी.
एका अंगावर झाले. त्या दिवशी असेच झाले व्हते, तोंड भिंतीकडं. मी बसले व्हते. चेष्टा केली न्हाई. मागायच्या आत दिली. सगळी चंची दिली. चुन्याची डबी बोटानं पुसून दिली.
शालनबाई दारात कवापासून उभी व्हती. तिनं डबी बघितली, कागद बघितला. म्हणली, "आक्का, चुना तुमीच घालताय."
म्हणलं, मी तंबाखू देते.
ती घागर घेऊन नदीवर गेली, नवं पाणी आणायला.

ता. ८. शनिवार, सकाळी.
पाणी यायला उशीर झाला व्हता.
ह्यांना केळीच्या पानावर घेतलं. परसात धुण्याच्या दगडावर ठेवलं. पदर सावरून हात जोडायचे व्हते, काय कबूल करायचं ते पाठ केलं व्हतं. सगळ्यांसमोर बोलायचं ठरलं व्हतं, सगळे म्हणजे शालनबाई. हात जुळले न्हाईत तोवर कावळा उतरला. उचलून घेऊन गेला. एकदा वळून बघितलं न्हाई.
शालनबाई म्हणली, शिवला.

ता. ९. रविवार.
टँक धुतला. पवनेचं पाणी भरलं. उद्धवरावांना सांगायचं, मासा म्हातारा व्हता. नवरीसमोर जास्त विचारणार न्हाईत.
चंची गुंडाळून फळीवर ठेवली. रिकामीच हाय.
नुसत्या पाण्यात कागद बुडवला.
हळद: पिवळी.
दुपारी पुन्हा बुडवला. सांजेला पुन्हा.
पिवळी.