तू सोडलेला माझा मुलगा

प्रिय नडीन,

तुझं निळं काचेचं भांडं अजून माझ्याकडेच आहे. घासून, पुसून ओट्यावर ठेवलंय. ते परत करायला दोनदा गाडी घेऊन निघाले आणि दोन्ही वेळा पुलापाशी येऊन परत फिरले. म्हणून आधी हे पत्र. हार्लनच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण मांडलं होतं, त्यात तुझे चीज घालून भाजलेले बटाटेच सर्वांत आधी संपले. ते सांगायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात तू मला कोल्बीबद्दल विचारलंस.

कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तू जवळ आलीस, पण तुझा आवाज काही खाली येत नाही. "व्हर्ना, तुझा लेक कुठाय गं? सख्खा बाप मातीत जातोय आणि पोराला यायला जमत नाही? असल्याला सोडवायला मी त्या खोलीत चार तास घसा कोरडा केला होय!" मी म्हणाले, "कॉफी घेतेस?" तू घेतली नाहीस. तुझा राग मला कळला. तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

नडीन, कोल्बी तुरुंगात आहे. तुम्ही ज्युरीतल्या बाराजणांनी ज्या चोरीतून त्याला निर्दोष सोडलंत, त्याच चोरीसाठी.

तुला हे ठाऊक नाही यात तुझा काही दोष नाही. तू नदीपलीकडे राहतेस, आपलं वर्तमानपत्र बंद पडलं, आणि हार्लननं घराबाहेर हा विषय काढू दिला नाही. शाळेतही तू बोलायचीस आणि मी ऐकायचे. खटल्याच्या पहिल्या दिवशी वकिलानं तुला विचारलं, या मुलाच्या आईला ओळखता का? तू म्हणालीस, "एका वर्गात होतो. पण तीस वर्षांत धड चार वाक्यं बोललो नसू." खरं होतं ते. मग खटला संपेपर्यंत तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. निकाल वाचला, हार्लननं टोपीत तोंड लपवलं, तेव्हा मात्र पाहिलंस.

त्याच्या आधीचं प्रकरण तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची परवानगी नव्हती. एकोणिसाव्या वर्षी कोल्बीनं बंद खाणीतली तांब्याची तार कापून विकली होती. त्यानं गुन्हा कबूल केला. जजनं पाच वर्षं दिली, पण ती टांगून ठेवली: नीट वागलास तर भोगावी लागणार नाहीत. त्यालाच प्रोबेशन म्हणतात. मग टॅकेटच्या पशुखाद्याच्या दुकानाचं कुलूप तुटलं, जनरेटर गेला, आणि पोलिस सरळ आमच्या दारात. टॅकेटनं अंधारात पाहिली होती एक पाठ आणि एक लाल टोपी. तसल्या टोप्या या गावात किती आहेत, हे तुम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तुमच्या निकालानंतर महिनाभरात, प्रोबेशन मोडलं म्हणून त्याला पुन्हा बोलावलं. तेच कोर्ट, तेच जज. ज्युरीच्या बारा खुर्च्या रिकाम्या. मी सारखी तुझ्या खुर्चीकडे बघत होते. टॅकेट आलाच नाही. तो हरणाच्या शिकारीला गेला होता. त्याचं म्हणणं प्रोबेशनच्या अधिकाऱ्यानं कागदावरून वाचून दाखवलं. आमची वकील, मिस प्रूइट, उठून म्हणाली, "जजसाहेब, मी कागदाला उलट प्रश्न कसे विचारू?" जज म्हणाले, ही सुनावणी आहे, खटला नाही. इथं शंकेला जागा उरली की नाही ते बघायचं नसतं. चोरी केली असण्याची शक्यता जास्त की कमी, एवढंच. ती म्हणाली, बाराजणांनी याच गोष्टीतून सोडलंय त्याला. ते म्हणाले, "मी नवी शिक्षा देत नाहीये, बाई. जुनीच चालू करतोय." कोल्बीनं कोटाचं बटण लावेपर्यंत पुढच्याचं नाव पुकारलं होतं.

हार्लन गाडीत बेसबॉलच्या भाषेत म्हणाला, "अंपायरनं सेफ दिलं, आणि मैदानाच्या फाटकावरच्या माणसानं आउट काढलं." आम्ही दोघंही हसलो. नंतर कित्येक आठवडे तो हसला नाही. त्याची फुप्फुसं खाणीनं आधीच खाल्ली होती, त्यामुळे तो या दुःखानं गेला असं मी म्हणणार नाही. पण शेवटी शेवटी दार वाजलं की तो विचारायचा, "पोरगा आला का?"

दफनाला कोल्बीला आणायची परवानगी मी मागितली. सोबत द्यायला पहारेकरी नाहीत असं उत्तर आलं. फोनवर त्यानं एवढंच विचारलं, "मम्मा, डॅडीचा चाकू त्याच्या खिशात ठेवलास ना?" ठेवला होता. आणि त्यानंतर तासाभरात तू मला विचारलंस, लेक कुठाय.

आता पत्राचं कारण. आम्ही अपील केलं होतं, त्यावर वरच्या कोर्टाचा निकाल आलाय. एकाच चोरीसाठी दोनदा कसं, हा आमचा मुद्दा त्यांनी चार ओळींत झटकून टाकला. पण टॅकेटला समोर उभं करून प्रश्न विचारू द्यायला हवे होते, एवढं मान्य केलं. म्हणून सुनावणी पुन्हा होणार, येत्या मंगळवारी सकाळी, त्याच जजसमोर. मी मिस प्रूइटला विचारलं, ज्युरीतल्या बाईला काही सांगता येईल का? ती म्हणाली, नाही, ज्युरीच्या मताला तिथं काडीची किंमत नाही. मी विचारलं, मग नुसतं येऊन बसता येईल? ती म्हणाली, "बाकं सगळ्यांची आहेत." तर ये, नडीन. तुला तोंड उघडता येणार नाही, आणि ते तुला जड जाईल हे मला माहीत आहे. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे जज बघत नाहीत. समोर बसलेल्या माणसाकडे त्यांना बघावं लागेल. मागच्या वेळी तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, ते बरोबरच होतं. या वेळी हार्लनच्या जागेवर, माझ्या शेजारी बस.

तुझीच,
व्हर्ना